उलटी भेदरं आणि वामनभाऊ

आमच्या शेजारच्या अंगणात टमाटरची झाडं डोकं खाली, पाय वर करून लटकतात.

टमाटर म्हणजे आमच्या भाषेत भेदरं. कपडे वाळत घालायच्या तारेला रंगाच्या रिकाम्या बादल्या टांगलेल्या, बादलीच्या बुडाला भोक आणि त्या भोकातून खाली लोंबणारं झाड. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तोंडात ब्रश घेऊन कुंपणाशी उभा होतो.

"वामनभाऊ, हे काय?"

"भेदरं जी."

"उलटी?"

"उलटी कायची? आपण सरळ उभे आहो म्हणून तसे दिसतेत."

मला वेळेवर काही सुचत नाही, म्हणून तर मी इतकी वर्षं पंचायत समितीत कारकून आहे. पेस्टचा फेस शर्टावर सांडला, तेव्हा घरातून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "त्यांची झाडं तरी उलटी आहेत. तुमचं तर काहीच सरळ नाही."

वामनभाऊ एसटीचे रिटायर ड्रायव्हर. उभी नोकरी अहेरीच्या रस्त्यानं गाडी चालवण्यात गेली. नोकरी संपली, पण ही बातमी त्यांच्या उजव्या पायापर्यंत अजून पोचलेली नाही. खुर्चीवर बसले तरी तो पाय सारखा काहीतरी दाबत असतो. समोरून कोंबडी आडवी गेली की करकचून ब्रेक. अंधार फिटायच्या आत आंघोळ करून, खाकी पँट चढवून ओसरीवर तयार. आता गाडी लागतेच आहे असा चेहरा. पाच मिनिटं बसतील, की "चला, सुटली!" म्हणून उठतील. सुटून जायचं कुठे? तर कुंपणापर्यंत. तिथे मी असतो.

भाजीपाला हा आधी त्यांचा प्रांतच नव्हता. घरामागची सांदवाडी, म्हणजे परसातली भाजीची वाडी, त्यांच्या बायकोची, पार्वताबाईंची. वांगी, बरबटी म्हणजे चवळी, अंबाडी, आणि मांडवावर वालाचा वेल. या वालाचं बी पार्वताबाईंनी वैनगंगेकाठच्या माहेराहून आणलेलं. त्यांच्या आईच्या हातचं. दरवर्षी शेवटच्या शेंगा वेलावरच वाळवायच्या, बी काढायचं आणि फडक्यात बांधून चुलीवरच्या आडव्या वाशाला लटकवायचं. ते बी त्यांनी कोणाला दिलं नाही आणि बाजारचं कधी आणलं नाही.

पोळा झाला आणि पार्वताबाई पुण्याला गेल्या. मुलाकडे बाळ झालं होतं, सुनेची नोकरी, बाळाजवळ कोणीतरी हवं. ऑटोत बसता बसता त्यांनी साऱ्या आळीला ऐकू जाईल असं बजावलं, "बाकी काई मरू द्या, माह्या वाल जगला पाह्यजे. संक्रांतीले येतो मी, तवाच शेंगा तोडतो. समजलं का?"

"समजलं."

"काय समजलं?"

"वाल."

ऑटो गेला. भाऊ जरा वेळ फाटकात उभे राहिले. मग "चला, सुटली" म्हणाले, पण उगाच.

नातवाचं तोंड दिसावं म्हणून मुलानं त्यांना मोठा फोन घेऊन दिला होता. नातू दिवसातून एकदा दिसे, तोही झोपलेला. उरलेल्या वेळात भाऊंना त्या फोनात भेंडी दिसली. भेंडीमागून गच्चीवर बाग करणाऱ्या कोणी ताई दिसल्या, ताईंमागून कुंडीत कोहळं पिकवणारे एक आजोबा, आणि त्यांच्यामागून परदेशातला एक दाढीवाला, ज्याची भाषा भाऊंना ओ की ठो कळत नाही. पण त्यानं भेदरं उलटी टांगली होती. ते काही कळायला भाषा लागत नाही.

भाऊ व्हिडिओ नुसता पाहत नाहीत, त्याच्याशी बोलतात. ताई म्हणतात, "मित्रांनो, कोकोपीट घ्या." भाऊ म्हणतात, "कोठून घेऊ ताई? सावलीच्या बाजारात धानाचा कोंडा भेटते. चालन का?" ताई पुढे बोलत राहतात. भाऊ माझ्याकडे वळून सांगतात, "चालते म्हणते."

त्यांच्या झाडांची तब्येतही एसटीच्या भाषेत असते. मेथी "डेपोतून निघाली" म्हणजे उगवली. दोडका "घाटात आहे" म्हणजे वाढ थांबली. पालक गाईनं खाल्ला, तर "पालकाची फेरी रद्द." मलाही सवय लागली. परवा ऑफिसात साहेबांनी एका कामाचं विचारलं, तर मी म्हणालो, "घाटात आहे." साहेब पुण्याकडचे. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं.

चित्त म्हणून एका जागी नाही. सोमवारी लावलेली रोपं गुरुवारी उपटलेली, कारण बुधवारी नवा व्हिडिओ आला. अंड्याची टरफलं घातल्यानं मिरची जोर धरते असं कळलं, तेव्हा हा पिढ्यान् पिढ्यांचा माळकरी माणूस बसस्टँडवरच्या आम्लेटच्या गाडीसमोर पिशवी घेऊन उभा राहिला. केळीच्या सालींचं पाणी मुरवलं, तेव्हा आमच्याकडे आलेले पाहुणे मुक्काम न करता निघून गेले. (हा प्रयोग मी त्यांना पुन्हा करायला सांगितला होता.) झाडांना संगीत मानवतं असं ऐकलं, तर वांग्यासमोर सकाळ-संध्याकाळ भजन लावलं. वांगं खुरटलं, अळी मात्र बोटाएवढी झाली.

"भजनाचा गुण तं आला," भाऊ म्हणाले. "अळीले आला."

आणि या प्रत्येक प्रयोगाचा व्हिडिओ काढायचा. तो काढायचा मी.

"बाबूसाहेब, धरा. बुडीले पाठवाचा आहे."

बुडी म्हणजे पार्वताबाई. मी फोन धरतो. भाऊ केस ओले करून, भांग पाडून झाडाशेजारी उभे राहतात. माझ्या पहिल्या व्हिडिओत नुसता माझा अंगठा आला. "काई हरकत नाई," भाऊ म्हणाले, "पण बुडी म्हणन, हे कोणतं वांगं आहे?"

व्हिडिओ पुण्याला पोचला की चहा निवायच्या आत फोन वाजे. भाऊ स्पीकर लावत, आवाज मोठा करत आणि पार्वताबाई सुरू होत.

"अजी, भेदरं कोणी उलटं लावते का? इतक्या वर्षांत तुमी कवा बस उलटी चालवली?"

"रिव्हर्स घ्या लागते कवा कवा."

"तोंड बंद करा! थे बादल्या खाली काढा आधी. आन् वांग्याले राख मारा. राख हो, राख! घरात चूल आहे का थे बी इकून टाकली?"

अर्धा अर्धा तास चाले हे. भाऊ मान खाली घालून ऐकत. रेंज गेली तर फोन कापायची केवढी नामी संधी! पण हा माणूस लगबगीनं जिना चढून स्लॅबवर जाई आणि विचारी, "हां, काय म्हणत होती? राखेच्या पुढं?" मला तेव्हा वाटे, काय सोशिक माणूस आहे. मी तर बायको बोलायला लागली की रेंज असतानाही "हॅलो, हॅलो" करतो. ती समोर बसलेली असली तरी.

मग माकडांचं प्रकरण झालं. आमच्याकडे माकडं येतात, शेंगा-बिंगा ओरबाडून जातात. कुठल्याशा व्हिडिओत भाऊंना उपाय सापडला: वाघाची डरकाळी ऐकवा, माकडं फिरकणार नाहीत. आता हा उपाय सांगणारा माणूस राहत असेल तिथे वाघ चित्रात असतो. आमच्याकडे तो नाल्यापलीकडे असतो. पण भाऊंनी जांभळाच्या झाडाला स्पीकर बांधला आणि दिवेलागणीला, बायाबापड्या नळावर असताना, बटण दाबलं.

नळावर फक्त हंडे उरले. आळीतली सगळी दारं धडाधड लागली. मी कुठे होतो म्हणून विचाराल, तर पलंगाखाली. पाय बाहेर राहिले होते, असं घरच्यांचं म्हणणं आहे. कोणीतरी फोन केला, वनखात्याची माणसं काठ्या-टॉर्च घेऊन आली आणि पावलांचे ठसे शोधू लागली. ओल्या मातीत ठसे सापडले. ते भाऊंच्या चपलांचे होते. ते ठसे जांभळापर्यंत गेले, तिथे स्पीकर होता आणि स्पीकरशेजारी एक माकड बसून शेंगा सोलत होतं.

त्या दिवशी पार्वताबाईंचा फोन जेवणं होईपर्यंत चालला. साऱ्या आळीनं ओसरीवर बसून ऐकला. भाऊंचा चेहरा मी पाहिला. इतका शिव्या खाणारा माणूस इतका तृप्त मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा पाहिला नव्हता.

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तो पडला आमच्या सौभाग्यवतींमुळे. एकदा त्या वांगी चिरत होत्या. काळीभोर, तुकतुकीत, एकालाही कीड नाही.

"ही वांगी कुठली?" मी विचारलं.

"भाऊंची. रोज नाही का देत कुंपणावरून? पूर्ण हिवाळा तुम्ही तीच तर गिळून राहिले."

"पण भाऊंच्या वांग्याला तर अळी..."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी चप्पल घालून सरळ शेजारी गेलो. या वेळी अंगणात न थांबता घराला वळसा घालून मागे.

मागे सांदवाडी होती. पार्वताबाई गेल्या तेव्हा होती तशीच, किंबहुना जास्तच भरलेली. वांग्यांच्या सरळ ओळी, बुडाशी राख. बरबटी, अंबाडी, हिरवागार सांबार, म्हणजे कोथिंबीर. आणि मधोमध मांडवावर वाल, जांभळ्या फुलांनी लगडलेला. त्याच्याखाली वामनभाऊ उकिडवे बसून, बोटानं एकेक पान उलटून मावा पुसत होते. फोन जवळ नव्हता. उजवा पाय स्वस्थ होता.

"भाऊ," मी म्हणालो, "तुम्हाला तर सगळं येते!"

त्यांनी मागे न पाहता सांगितलं, "इतके वर्ष बुडीच्या मांगं पाणी घालत फिरलो, बाबूसाहेब. येईन नाई तं काय?"

"मग अंगणात ते उलटंपालटं..."

"सुरुवातीले खराच नाद लागला होता. पण एकडाव हे मागचं दाखवलं बुडीले. चांगलं आहे म्हणाली. झालं. फोन ठेवला." ते पुढच्या पानाकडे वळले. "मंग भेदरं उलटे लावले."

मी त्यांच्याशेजारी उकिडवा बसलो आणि एक पान उलटून पाहिलं.

संक्रांत जवळ आली, वालाच्या शेंगा भरल्या आणि पुण्याहून निरोप आला: बाळाजवळ कोणी नाही, आता उन्हाळ्यात पाहू. त्यानंतर भाऊ जास्तच अस्वस्थ झाले. ओसरीवर बसत, उठत, फाटकापर्यंत जात, परत येत. "चला, सुटली" म्हणणंसुद्धा बंद झालं. उन्हाळ्यापर्यंत वेल उभा राहणार नव्हता, आणि पार्वताबाईंच्या हातून शेंगा तुटल्या नाहीत असा एकही हिवाळा त्या घरानं पाहिला नव्हता.

एका दुपारी त्यांनी मला मागे बोलावलं. वालाच्या बुडाशी एक पिकलेलं पान होतं. पिवळं, म्हातारं, आपोआप गळणारं.

"हे घ्या व्हिडिओत. जवळून. बाकी वेल दिसू देऊ नका. बुडीले म्हणतो, वाल चालला."

मी घेतला. चांगला आला, अंगठाही नव्हता. हा व्हिडिओ गेला असता, तर पार्वताबाई मिळेल त्या गाडीनं निघाल्या असत्या, यात मला शंका नव्हती. भाऊंनी तो पाहिला. पुन्हा पाहिला. मग खोडून टाकला.

"नको जी. भेदऱ्यासाठी शिव्या देते थे. वालासाठी रडन."

मग त्यांनी केस ओले केले, भांग पाडला आणि मांडवाखाली उभे राहिले. "सगळा घ्या. जसा आहे तसा."

शेंगांच्या घोसांत त्यांचा निम्मा चेहरा झाकला होता. व्हिडिओ गेला. दोन निळ्या रेघा आल्या. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. फोन वाजला नाही. चांगल्या गोष्टीला बोलणार काय? भाऊंचा उजवा पाय जमिनीवर एकसारखा ब्रेक दाबत होता.

आणि मग वाजला. भाऊंनी स्पीकर लावला. पलीकडून आधी नुसतंच बाळाचं कुरकुरणं ऐकू आलं.

"शेंगा भरल्या म्हणजे," पार्वताबाई म्हणाल्या. आवाज ओला होता. मग त्यांनी आवाज चढवला. "आन् थे मांडवाची डाव्या अंगची काठी वाकडी काऊन आहे?"

भाऊंनी काठीकडे पाहिलं. मीही पाहिलं. काठी सरळ होती. ओळंबा लावून रोवावी तशी सरळ.

"वाकडी आहे खरी," भाऊ हळूच म्हणाले. "मले नाई जमली."

"तुमाले काय जमते? हात नका लावजा आता. मीच येऊन पाहतो. पोराले सांगतो तिकीट काढाले, नातवाले बी आणतो संगं. त्याले बी दिसू द्या, आजा कसा वाकड्या काठ्या गाडते थे."

फोन ठेवल्यावर भाऊ उठले, मांडवाशी गेले आणि दोन्ही हातांनी त्या काठीला रेटू लागले.

"भाऊ, हे काय करून राहिले?"

"बुडी खोटी नाई पडली पाह्यजे, बाबूसाहेब. तिकून पाहून सांगा. झाली का वाकडी?"

मी दोन पावलं मागे सरलो, एक डोळा मिटला आणि म्हणालो, "अजून थोडी, भाऊ."