मास्तरांच्या चार चिठ्ठ्या

"तीस वर्षं मैदानावर ओरडलात, दिवसाला आठ कप चहा, वर सारखं खाकरणं! स्वरतंतूंवर गाठी येणार नाहीत तर काय होईल?" डॉक्टरीणबाई कवायतीच्या मास्तरांना ओरडून सांगत होत्या. आवाज गेलेल्या माणसाचे कानही गेलेत, असं भल्याभल्यांना वाटतं. "आठ दिवस मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानेही ताण पडतो!"

मास्तरांनी चार चिठ्ठ्या लिहिल्या. 'हो', 'पाणी' आणि 'नंतर बघू' उजव्या खिशात. 'नाही' एकटी डाव्या खिशात, कारण ती सारखी लागणार होती.

दोन दिवस त्यांनी दात-ओठ खात काढले. तिसऱ्या दिवशी त्यांना घर ऐकू यायला लागलं. नळाची टपटप, पडद्याची सळसळ. लेक काम करताना गुणगुणते, हा शोध तर त्यांना चोवीस वर्षांनी लागला. खिडकीजवळ डोळे मिटून बसलं की ते सूर कुठूनतरी दुरून, पाण्यावरून यावेत तसे येत. मास्तरांना फार बरं वाटायचं.

पाचव्या दिवशी बायकोने सदरा धुवायला घेतला आणि चिठ्ठ्या नव्या सदऱ्यात घातल्या, आपल्या हिशेबाने.

"बाबा," लेक म्हणाली, "त्या नोकरीचं कळवायचा आज शेवटचा दिवस. जाऊ ना मी?"

एवढ्या लांब एकटीने जायचं? मास्तर याआधी दोनदा नाही म्हणाले होते, तेही पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असं. आताही त्यांनी डोळे न उघडता डाव्या खिशातली चिठ्ठी वर धरली.

"आई! बाबा हो म्हणाले!"

मास्तरांनी डोळे उघडले. हातात 'हो' होतं! घाईघाईने दुसऱ्या खिशात हात घातला, तर 'पाणी' निघालं. बायकोने तांब्या आणला. ते दोन्ही हात हलवत उठले, तेवढ्यात शेजारीण दारात आली. "किती आनंद झालाय बघा!" ती त्यांच्या कानाशी ओरडली. तासाभरात होकार गेला, तिकीटही निघालं.

शेवटी मास्तर कागद घेऊन बसले. 'हे सर्व चुकून झाले' एवढं लिहिलं, आणि आतून गुणगुणणं ऐकू आलं. लेक बॅग भरत होती. इतकं सुरात ती याआधी गायली नव्हती. 'उद्या देऊ' असं मनाशी म्हणत त्यांनी कागद घडी करून ठेवला. उद्याचं परवा झालं.

आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्यांना "आऽऽ" म्हणायला लावलं. आवाज स्वच्छ निघाला. नवव्या दिवशी लेक बॅग घेऊन दारात उभी राहिली.

"बाबा, तुमच्या हातात त्या दिवशी चुकीची चिठ्ठी आली होती ना? मला तेव्हाच कळलं होतं. आता तोंडाने सांगा. नाही म्हणालात तर राहते मी."

बायको प्रवासाचा डबा घेऊन बाहेर आली. मास्तरांनी चष्मा चढवला, सगळ्या चिठ्ठ्या काढल्या, एकेक नीट वाचली आणि त्यातली 'हो' तिच्या हातावर ठेवली.

"अहो, आता बोला की! आवाज आलाय ना?" बायको म्हणाली.

मास्तरांनी तोंड उघडलं, पण आवाज पुन्हा बसला होता. त्याचं कारण मात्र डॉक्टरीणबाईंच्या यादीत नव्हतं.