दाजींचा लोणावळा

दाजींबद्दल लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. त्यांच्या गमती लग्नकार्यांत मीच सगळ्यांत रंगवून सांगायचो, पण दर वेळी लोणावळ्यापाशी येऊन थांबायचो. आता त्यांना पाहिलेले लोक थोडेच उरलेत आणि मीही ऐंशी कधीच ओलांडली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मूळचे कुरुळीचे. पन्नासच्या दशकात पिंपरीला कारखाने यायला लागले, तेव्हा त्यांतल्या एकात बाटल्या धुण्याच्या खात्यात लागले. धुण्याचं वेड तिथूनच जडलं असावं. लग्नाच्या पंगतीत हा माणूस लेकीसाठी घरचा डबा उघडून बसायचा. आणि कुणीही त्या पोरीला घ्यायला वाकलं की पहिला प्रश्न, "हात धुतलं का?"

एकदा खुद्द पाटील चिडले. "अरं, मी काय गोठ्यातनं आलोय व्हय?"

"न्हाई पाटील, पंगतीतनं आलाय. त्ये गोठ्याहून वंगाळ."

कारण होतं सुमन, त्यांची जेमतेम वर्षाची लेक. कुणीतरी तिला दाण्याच्या आमटीचं बोट चाटवलं आणि तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. दृष्ट काढून झाली. काही दिवसांनी पुन्हा तेच. ॲलर्जी हा शब्द तेव्हा आमच्याकडे कुणी ऐकला नव्हता. सगळे मिरच्या ओवाळत असताना दाजींनी एकट्यानं ओळखलं, की गुन्हेगार शेंगदाणा आहे. आता आपल्याकडे दाण्याचं कूट कशात नसतं? आणि तेल तर त्याचंच.

तरी दिवाळीच्या सुट्टीत अक्कानं हट्ट धरला. यंदा लोणावळा, पुढच्या वर्षी मुंबईला जाऊन समुद्र. निघताना दाजींनी बजावलं, कुणाच्या खिशात दाणा दिसता कामा नये. स्टेशनातून बाहेर पडलो, तर समोर चिक्कीची दुकानं!

"अगं, साऱ्या मुलखात तुला ह्योच गाव घावला?" म्हणत दाजींनी सुमनला उपरण्यात गुंडाळलं आणि रस्त्याच्या दुतर्फा वाघ बसले असावेत तसे मधोमध चालू लागले. मी मागे रेंगाळलो आणि चिक्कीचा एक पुडा हळूच खिशात घातला. नुकताच मॅट्रिक झालो होतो. दाजींच्या असल्या फर्मानांचं मला हसू यायचं.

दुपारी एका खानावळीत शिरलो. दाजी सवयीप्रमाणे थेट चुलीकडे निघाले, तशी अक्का रडकुंडीला आली. "एक दिस तरी चार माणसांसारखं बसा की ओ!"

"बसा दाजी," मी म्हणालो, "मी बघून येतो."

ते बसले. मी आत जाऊन खरोखरच नीट पाहिलं. खानावळवाल्या बाईंनी वेगळ्या पातेल्यात वरणभात काढला, वर तूप घातलं. सगळं स्वच्छ होतं. परतताना दाराआड थांबून मी चिक्कीचा तुकडा तोंडात टाकला. बाहेर सुमन भुकेनं रडत होती. अक्का भात कालवेपर्यंत मी तिला उचललं आणि चोखायला बोट दिलं.

"हात धुतलं का?" दाजींनी विचारलं.

"हो."

दोन घास जातात न जातात तोच तिचे ओठ सुजले. मग श्वास घरघरायला लागला. दाजी तिला छातीशी धरून अनवाणी दवाखान्याकडे पळाले. डॉक्टरांनी सुई टोचली. संध्याकाळपर्यंत उतार पडला.

मग दाजी खानावळीत परत गेले आणि त्या बाईंना नको नको ते बोलले. ती बाई रिकामं पातेलं पुढे करून सांगत राहिली, "चुलीची आण घेते भाऊ, दाण्याचा कण नव्हता ह्यात." मी शेजारीच उभा होतो.

गाडीत दाजी एवढंच म्हणाले, "मी बघाया पायजे हुतं. बसलो."

पुन्हा ते कुठे बसले नाहीत. अक्का समुद्र न बघताच गेली. कुरुळीच्या शेतात भुईमूग पेरणं बंद झालं. भाजक्या शेंगा म्हणजे दाजींचा जीव की प्राण, पण शेंग त्यांनी पुन्हा तोंडात टाकली नाही. सुमन सासरी गेली, नातवंडांत रमली, वर्षातून एखादी चक्कर मारायची, तरी नाही.

अक्का गेल्यावर एकदा वाक्य घोकूनच कुरुळीला गेलो. चहूकडून कंपन्यांच्या भिंती आलेल्या, आणि ओसरीवर दाजी एकटे. मी भाजक्या शेंगांचा विषय काढला. "आता तरी खात जा की, दाजी."

"आन् सुमी अवचित आली तर? गळ्यात पडून मुका घेती अजून."

मग त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "हात धुतलं का?" हसले, आणि म्हणाले, "त्या दिशी तू तरी इमानानं आत बघून आलास. त्या बाईनं फसवलं, तू काय करणार?"

मी हात धुतले. चहा प्यालो. पुढच्या वेळी नक्की सांगू, म्हणून निघालो. पुढची वेळ आली ती दाजींना पोचवायला जायची.

दाजी, ती बाई खरं बोलत होती. हात मी धुतले नव्हते.