चर्चेएवढी दाढी

संपतकाकाच्या दाढीत बुलबुलानं अंडी घातली होती. खोटं वाटत असेल तर बोरी अरबच्या बाजारात कुणालाही विचारा. तिथले लोक तर पिल्लं उडताना पाहिल्याचं सांगतात. कापूसवेचणीच्या दिवसांत काका शेताच्या धुऱ्यावरून नुसता चालत गेला तरी दाढीत उशीभर कापूस अडकायचा.

काका आमचा शेजारी, भिंतीला भिंत. बायको वारलेली, घरात तो आणि लेक शांता. आमच्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला त्या वर्षी काकानं जाहीर केलं, "आता दाढी चौकात, गुलाबच्या खुर्चीत. तोवर गालाले वस्तरा नाई!" गुलाब गावचा न्हावी, वर्षाच्या धान्यावर गावाची हजामत करणारा. वस्तीतल्या कुणाला तो हात लावत नसे. आम्ही एकमेकांचे केस कापायचो आणि सगळे अर्धवट भादरलेल्या मेंढरांसारखे हिंडायचो.

गावातली मोठी माणसं वाईट नव्हती, फक्त बोलकी होती. चौकातल्या लिंबाखाली सभा बसली. प्रश्न नाजूक आहे, म्हणाले. सगळ्या बाजूंनी विचार व्हावा, म्हणाले. विचारासाठी एक समिती, तिला सल्ला द्यायला दुसरी. तिसरी कशासाठी होती ते तिच्या अध्यक्षालाही सांगता येत नसे. काका दर सभेला पुढं बसून दाढी विंचरायचा. कुणी समतेवर रंगात आला की विचारायचा, "बापा, कापून राह्यले का बोलून राह्यले?"

दोन-तीन पावसाळे गेले. दाढी बेंबीला टेकली. शांताचं लग्न आर्णीला ठरलं.

"बाबा, वऱ्हाडी भेतीन ना तुमाले पाहून! मीच कापून देतो."

"चूप बैस व माय."

पण लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळीच काका चौकात गेला आणि सरळ खुर्चीत बसला. मी मागोमाग. लिंबाखाली समिती होतीच. ती उठायची कधी? अध्यक्ष म्हणाले, "संपत, पुढच्या बैठकीत नक्की ठरवू."

गुलाब कैची हातात धरून उभा. हळूच म्हणाला, "काका, तुमची दाढी केली तं गाव मले सालाचे दाने नाई देनार. लेकरं हायेत माही."

मला वाटलं, आता काका गरजणार आणि लिंबाचा पाला झडणार. पण काकाचा आवाज खाली आला.

"मंग नोको करू रे," तो म्हणाला. "पोरीचं लगन हाय म्हून आलतो. जाईन मी असाच."

आणि तो उठायला लागला.

गुलाबनं त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला खाली बसवलं. "मान वर करा."

आधी कैची चालली, मग वस्तरा. केसांचा ढीग मांडीवर पडला आणि आतून लहानसा, हडकलेला चेहरा निघाला. गुलाबनं हनुवटी धरून तो उजेडाकडे वळवला, तसं काकाच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"झोंबलं का, काका?"

"नाई," काका म्हणाला. "हात गरम हाय रे तुहा."