धाडची विमान कंपनी

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमच्या धाड गावाला एके काळी स्वतःची विमान कंपनी होती. कंपनीकडे एकच विमान होते. ते जीप होते. आणि हिवाळ्यात धुके पडले की ते उडत नसे.

मालक, पायलट आणि हवामान खाते, तिन्ही मिळून उस्मानचाचा. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. मी धाडच्या शाळेत नवा मास्तर होतो आणि चाचा पन्नाशी ओलांडलेला एकटा गडी होता. तरुणपणी त्याने नागपूरच्या विमानतळावर सामान उचलले होते. विमानात तो कधी बसला नव्हता. पण विमानाच्या पोटाखाली इतकी वर्षे काढली होती की, गावी येऊन लिलावातली जुनी जीप घेतल्यावर तिला जीप म्हणणे त्याच्या जिवावर येई. धाडहून बुलढाण्यावरून राजूरच्या घाटाने मलकापूर स्टेशन, ही खेप म्हणजे ‘उड्डाण’. आम्ही ‘पाशिंजर’.

उड्डाणाचे नियम कडक होते. प्रत्येक गाठोडे ताणकाट्याला लागे. “कोंबडी आपल्या पायानं चढली तरी सामानच,” असा निकाल त्याने एका म्हातारीला दिला होता. पाशिंजरांच्या मांड्यांवरून बैलाचा कासरा आडवा जाई आणि शेवटच्या माणसामागे त्याची गाठ बसे. हा पट्टा. मधल्या माणसाला उतरायचे असले की अख्खी रांग उतरे. मग चाचा मडगार्डवर उभा राहून सांगे, “मेहरबान पाशिंजर, बिडी इझवा. सस्तं तिकीट हाय, चहा भेटणार नाही. उलटी आली तर बाहेरच्या अंगाले.”

तिकीट खरोखरच स्वस्त होते. म्हणून लोक कासरा सहन करीत. पण धुके सहन करीत नसत.

हिवाळ्यात चाचा पहाटेच बाजारातल्या लिंबाखाली उभा राही आणि मशिदीच्या मिनाराकडे पाही. मिनार दिसला तर उड्डाण. नाही दिसला तर दोन्ही हात वर करून घोषणा, “मोसम खराब! उड्डाण क्यान्सल!”

मग शिव्या सुरू. नामदेव पाटील दर वेळी ठरलेला टोमणा मारी, “शिटा भरल्या नाही का तुह्या मिनारावर बराबर धुकं येते, चाचा! मिनार पाशिंजर मोजते काय बे?”

“मोजू दे. तुले काय?”

“अबे, थोडं थांब, धुकं निवळन. लेट सोड!”

यावर चाचाचे उत्तर तयार होते. “लेट सोडून कसं जमंन पाटील? जीप येक, खेपा चार. सकाळची खेप अडकली का दुपारची सरकली. दुपारची सरकली का रातच्याले घाट चढा लागते, अन् माह्या जीपले दिवा येकच. येस्टीजोळ डेपोत दुसरी गाडी उभी असते. माह्याजोळ दुसरं काय हाय? बकरी. सस्त्या तिकिटात येकच जीप बसते. येक खेप मरते, तवा बाकीच्या जगते.”

पाटलाला हे पटत नसे. मलाही पटले नव्हते. गावात सर्वांचे एकच मत होते: चाचा पेट्रोल वाचवतो.

आता माझ्या लग्नाची गोष्ट. माझ्यासाठी जळगाव जामोदची मुलगी सांगून आली होती. पाहायला जाणे दोनदा पुढे गेले होते; एकदा शाळेची तपासणी आली, एकदा मला ताप आला. तिसऱ्यांदा मुलीच्या मामाने निरोप धाडला की, रविवारी मास्तर दुपारपर्यंत आले तर ठीक, नाहीतर नांदुऱ्याच्या सरकीच्या दलालाला होकार कळवू. दलालाची स्वतःची मोटारसायकल होती. माझ्याकडे मलकापूरपर्यंत कासरा होता.

रविवारी मी इस्त्रीचा कोट घालून लिंबाखाली गेलो. जीप गच्च भरली होती. मिनार नव्हता. मिनारच काय, मशीदही नव्हती. पाटील पट्टा बांधून बसला होता आणि चाचाने हात वर केले.

“क्यान्सल!”

“आता तं शिटा भरल्या ना बे!” पाटील ओरडला. पहिल्यांदाच त्याला टोमणा सापडेना.

मी चाचाचा हात धरला. “चाचा, आज दुपारपर्यंत जळगाव जामोदला मुलीच्या घरी नाही पोचलो तर लग्न मोडेल.”

“मोडू द्या. लग्न दुसरं भेटंन. मास्तर, तुम्हाले पाय कोण देईन?”

एसटी बुलढाण्याहून यायची, ती आलीच नव्हती. तार पोचेपर्यंत दलालाचा साखरपुडा झाला असता. मी घरी गेलो, कोट खुंटीला टांगला आणि नांदुऱ्याच्या त्या अनोळखी माणसाला दिवसभर मनातल्या मनात शिव्या घातल्या.

त्या दुपारी जळगाव जामोदला काय झाले, हे मला पुढे सासऱ्यांनी सांगितले. ते अजूनही दर दिवाळीला साभिनय सांगतात.

पोह्यांच्या बशा मांडून सगळे बसले होते. मामा घड्याळ पाहत होता. दारात जीप थांबली. धुळीने आणि दवाने माखलेला एक दाढीवाला गृहस्थ उतरला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “आज पोरगा क्यान्सल!”

सासूबाई पोह्यांच्या बशा उचलू लागल्या. मामा समाधानाने उठला.

“म्हणजे मुलीला नाही म्हणतात?” सासऱ्यांनी विचारले.

“नाही, नाही! पोरगा ठणठणीत हाय. मोसम खराब होता, मी जीप क्यान्सल केली. त्याचा कसूर नाही. उद्या घेऊन येतो. तुम्ही आज वाट पाहू नका, हे सांगाले आलो.”

“एवढ्यासाठी इथवर आलात?”

“मलकापूरले यायचंच होतं, तिथून फुढं आलो. परतीचे पाशिंजर ठेसनावर थंडीत बसले होते. सकाळची खेप क्यान्सल हाय, हे त्याईले कोण सांगंन? दर खेपेले मीच जातो सांगाले.”

सासरे चक्रावले. “अहो, धुक्यात जीप चालत नाही म्हणता, मग तुम्ही घाट उतरलात कसे?”

“खाली उतरलो, पायानं रस्ता चाचपला, जीप थोडी फुढं घेतली, पुन्हा उतरलो.” चाचाने पाण्याचा तांब्या घेतला. “पाशिंजरांचं येगळं हाय, साहेब. त्याईच्या घरी माणसं हायेत. मी काय, मले घाटात काही झालं तरी कोणाले सांगा लागत नाही.”

मामा पुन्हा खाली बसला. आणि ज्या मुलीने त्या दिवशी मान वर करायची नव्हती, तोंड तर उघडायचेच नव्हते, ती आतल्या दारातून मोठ्यांदा बोलून गेली, “काऊन लागत नाही? आमाले सांगा लागन ना, चाचा!”