धोंडाजीचा स्वच्छ फटका

एका जंगलात, बाळांनो, एक हिरवंगार कुरण होतं आणि कुरणाच्या पोटात कंद होते. ते कंद उकरून धोंडाजी नावाचा रानडुक्कर आपला संसार चालवत होता. घरात बायको कौतिकाबाई आणि पाच पिल्लं. सातही जणांच्या भुका दांडग्या.

एकदा वाघमहाराज शेजारच्या राज्यात पाहुणचाराला गेले आणि तिथून गोल्फ शिकून आले. म्हणजे पाहून आले. राजाने एखादी गोष्ट पाहिली की ती त्याला आली असंच धरायचं असतं. परतल्याबरोबर त्यांनी त्या कुरणाला काटेरी कुंपण घातलं, आत ठिकठिकाणी भोकं पाडली आणि दारावर पाटी लावली, ‘क्लबचे सदस्य आणि शिकाऊ खेळाडू यांनाच प्रवेश.’

धोंडाजी कुंपणाबाहेरच अडकला. आता पिल्लांना खायला काय घालायचं? कौतिकाबाई मात्र डगमगली नाही. नवरा सदस्य झाला की आत जाईल, आत गेला की कंद आणेल, इतकं सरळ होतं ते तिच्या लेखी. सदस्य होण्यासाठी एकच परीक्षा होती. दहा चेंडू एकापाठोपाठ स्वच्छ मारून दाखवायचे. तिने नवऱ्याला काठी देऊन शिकायला पाठवलं. डुकराने काठी धरली कशी, असं मध्येच विचारू नका. वाघाने धरली तशीच धरली.

शिकवायला बगळेसर होते. तासन्‌तास एका पायावर उभं राहून डोकं न हलवण्यात त्यांचा हातखंडा. डोकं न हलवणं म्हणजे अर्धा गोल्फ, असं ते म्हणत. उरलेला अर्धा कोणता, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी धोंडाजीने काठी फिरवली. चेंडू जागचा हलला नाही. काठी त्याच्या वीतभर मागे जमिनीत घुसली, मोठं ढेकूळ उडालं आणि ढेकळाबरोबर एक टपोरा कंद कुंपणाबाहेर जाऊन पडला. बाहेर वाट बघत बसलेल्या कौतिकाबाईने तो उचलून टोपलीत टाकला.

दुसरा फटका, दुसरा कंद. तिसऱ्याला दोन. शिकाऊ खेळाडूंनी माती उकरली तर माफ, असं पाटीखाली बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं. संध्याकाळपर्यंत टोपली भरली. उकरलेल्या मातीतले किडे बगळेसर मान न हलवता टिपत होते. जाताना त्यांनी शेरा दिला की सुधारणेला भरपूर वाव आहे.

दोन महिने असेच मजेत गेले. पिल्लं टुणटुणीत झाली. बगळेसरांनाही थोडं पोट सुटलं.

पण धोंडाजी पडला कष्टाळू. चेंडूच्या मागे पळसाचं पान ठेवावं आणि पान न हलवता चेंडू मारावा, असं सर एकदा सहज बोलून गेले. हा गडी पहाटेपासून तेच करत बसला. वजन पुढच्या पायावर, नजर चेंडूवर, काठी दर वेळी त्याच वाटेने वर आणि त्याच वाटेने खाली. आणि एके सकाळी टक् असा आवाज झाला. चेंडू उंच गेला, पान जागेवर राहिलं. धोंडाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. उभ्या जन्मात त्याच्या हातून स्वच्छ असं हे पहिलंच काम झालं होतं.

“अहो, आज एकच कंद आला,” संध्याकाळी कौतिकाबाई म्हणाली.

“पण आवाज ऐकलास का?”

“मग पिल्लांना आवाज वाढू?”

धोंडाजी वरमला. उद्यापासून थोडं वाईट खेळायचं, असं त्याने मनाशी ठरवलंही. पण एकदा तो आवाज कानांत बसला की बसला. पुढच्या आठवड्यात टोपली रिकामी आणि दहापैकी दहा फटके स्वच्छ, अशी त्याची प्रगती झाली.

परीक्षा तो थाटात पास झाला. वाघमहाराजांनी स्वतः त्याच्या छातीवर बिल्ला लावला आणि सदस्यांचा एकमेव नियम वाचून दाखवला. सदस्याने चिमूटभरही माती उकरायची नाही. उकरल्यास महाराज त्याच्याबरोबर जेवतील. ताटात काय असेल, हे नियमात लिहिलेलं नव्हतं.

मग धोंडाजी बिल्ला लावून क्लबच्या व्हरांड्यात बसू लागला. पायांखाली शेकडो कंद आणि पोटात कावळे. घरी पिल्लं रडत होती. आपण केवढा मूर्खपणा केला, हे कळून त्याचा जीव तुटत होता. इकडे बगळेसरही वाळून काडी झाले होते.

चौथ्या दिवशी त्याने बिल्ला परत केला. मला काही येत नाही, मला परत शिकाऊ करा, अशी त्याने गयावया केली. महाराजांनी एक चेंडू ठेवला आणि मारून दाखव म्हणाले. धोंडाजीने जीव खाऊन काठी मातीवर घातली. टक्. डोळे मिटून मारलं. टक्. पाठमोरा उभा राहिला, तरी टक्. बिचाऱ्याला चुकताच येईना. महाराजांनी कौतुकाने बिल्ला पुन्हा लावला, या खेपेला जरा घट्ट.

शेवटी कौतिकाबाईनेच पदर खोचला. पाचही पिल्लांना पुढे घालून ती क्लबच्या दारात गेली आणि शिकाऊ म्हणून सहा नावं लिहून आली. सहाच्या सहा काठ्या एकदम जमिनीत घुसल्या. कुरणावर मातीचा पाऊस पडला.

“सर, आम्हाला जमायला किती वर्षं लागतील?” तिने विचारलं.

बगळेसरांनी तोंडातला किडा गिळला. “बाई, घाई करू नका,” ते म्हणाले. “आणि डोकं हलवलंत तरी चालेल.”

तात्पर्य : बाळांनो, आयुष्यभर शिकत राहावं. येऊ मात्र देऊ नये.