प्रश्नचिन्हाची सोयरीक

साऱ्या कर्जत तालुक्यात इंग्रजी विरामचिन्हे बिनचूक घालणारा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे मी! बाकीचे मोडीत लिहीत, ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एका दमात. मी मात्र मास्तरकीचे शिक्षण घेऊन अठराशे ऐंशी साली भिसेगावात परतलेला. थांबायचे तिथे थांबणार, विचारायचे तिथे विचारणार.

माझ्या धाकट्या भावाच्या, पोपटच्या मनात लोधिवलीच्या आबाजी पाटलांची सुंदरा भरली होती. तिला चौक गावच्या एका घराचीही मागणी होती. वडील नाहीत, तेव्हा आमच्याकडून पत्र मीच लिहायचे. पोपट म्हणाला, "दादा, साधं लिव रं. माज्या जल्माचा प्रश्न हाय."

"प्रश्न आहे ना? मग प्रश्नचिन्ह घालतो," मी म्हटले आणि झोकात बालबोध अक्षरांत लिहिले:

'सुंदरा आमच्या पोपटास देता? माघ सरण्याआधी कळवा! आम्ही वाट पाहतो, पाहतो, पाहतो.'

चौथ्या दिवशी आबाजी पाटील दारात हजर. बरोबर काठ्या घेतलेले आठ गडी. पोपट भाताच्या कणगीमागे गेला तो बाहेर येईना.

पाटलांनी पत्र माझ्या नाकासमोर धरले. "मास्तर, ह्यो कोयता कुनासाठी?"

"कोयता? कुठे आहे?"

"ह्यो काय, 'देता'च्या म्होरं. आमचे कुळकर्णी अक्षरं वाचत आले आनि हितं गपच झाले. म्हनाले, हे अक्षर नाय, हत्यार हाय."

मी निरखून पाहिले. माझे प्रश्नचिन्ह जरा जास्तच ऐटदार निघाले होते खरे.

"आनि ही उगारलेली काठी. तिच्याखाली मुंडकं पडलंय. म्होरं रगताचे थेंब, येक आनि दोन."

मला हसू आवरेना. "अहो पाटील, ते चिन्ह आहे. आम्ही विचारतोय, एवढाच त्याचा अर्थ."

आबाजींचा चेहरा पडला. "निस्तं इचारताय?"

"नुसतं."

ते मटकन ओट्यावर बसले. "समदा गाव म्हनला, असल्या घरात पोर देऊ नको. मी म्हनलं, तिथंच देनार. वाटेत वाघराची भीती, तरी काठ्या घेऊन मान्सं आनली, सोयरीक पक्की करायला. पोरीच्या पाठीशी धमक असलेलं घर पायजेल. निस्तं तर चौकवाले बी इचारतात." ते उठले. "चला रं."

कणगीमागून रडवेला आवाज आला, "दादा..."

काय सांगू तुम्हाला! एकीकडे तीन वर्षांचे शिक्षण, दुसरीकडे सख्खा भाऊ. मी घसा खाकरला. "थांबा पाटील. तुमच्यापासून काय लपवायचं? तो कोयताच आहे."

"आनि काठी?"

"काठीच. थेंबसुद्धा खरे."

आबाजींनी मला कडकडून मिठी मारली. साखर वाटली गेली, पोपट अंगाला लागलेले भाताचे तूस घेऊन बाहेर आला. निघताना आबाजी म्हणाले, "लग्नाची पत्रं तुमीच लिवा, मास्तर. आमचे पावने लई आळशी. परत्येकाला दोन-दोन कोयते घाला."

मी घातले. आता लपवून काय उपयोग? लग्नाला झाडून सगळे आले, आणि तेही वेळेवर.