चार बोटे लाट

रंकाळ्यावर विमान उतरायचे तर लाट चार बोटांहून उंच नसावी, असा जल-अवतरण कचेरीचा नियम होता. बोटे कोणाची, हे नियमात नव्हते. म्हणून १९५४ साली कारकून गणपतरावांची बोटे प्रमाण ठरवून त्यांना काठावर नेमले. हाती दोन निशाणे: पांढरे म्हणजे उतरा, तांबडे म्हणजे थांबा.

सव्वादहा. छोटे विमान घिरट्या घालू लागले. त्याला चाकेही होती, पण परवाना पाण्याचा होता. वारा सुटलेला. गणपतरावांनी धोतर खोचून हात बुडवला.

"सहा," ते म्हणाले. तांबडे.

साडेदहा. पेट्रोल वीस मिनिटांचे उरले आहे, अशी चिठ्ठी वैमानिकाने डब्यात घालून खाली टाकली. तिची आवक-वहीत नोंद झाली. क्रमांक पडला.

"आवो, पडंल की त्ये," म्हशी धुणारा जोतीराम म्हणाला. "पांढरं दावा."

"दोन बोटांची सूट साहेब देतात. साहेब जयसिंगपूरला दौऱ्यावर आहेत."

"मग लाटच कमी करूया की."

"तसा अर्ज आलेला नाही."

जोतीरामने अर्ज केला नाही. वारा येत होता त्या बाजूला त्याने साठ म्हशी रांगेने पाण्यात उभ्या केल्या. लाटा त्यांच्या पाठींवर फुटल्या. रांगेमागचे पाणी निवले.

गणपतरावांनी पुन्हा हात बुडवला. "चार."

पांढरे. विमान आपटले, उडाले, टेकले आणि म्हशींपासून वावभर अंतरावर थांबले. वैमानिक पाण्यातून चालत काठावर आला.

"पावणं, आदी च्या घ्या," जोतीराम म्हणाला.

दुपारी साहेब आले. पंचनाम्यात लिहिले गेले: पाणी मुळातच शांत होते. विमान कचेरीच्या दक्षतेमुळे उतरले. म्हशींनी अडथळा आणला; सबब त्यांना तळेबंदी.

"सायेब, म्हशी नसत्या तर..."

"तू पंच आहेस का?"

"न्हाय."

"मग?"

पाच सभ्य गृहस्थांच्या सह्या झाल्या.

सोमवारी दुसरे विमान आले. वारा होता, म्हशी नव्हत्या. पण पाणी मुळातच शांत असल्याचे कागदावर होते, तेव्हा गणपतरावांनी हात कोरडाच ठेवून पांढरे दाखवले.

वैमानिकाला पोहता येत होते, हे कचेरीचे नशीब.

आता चौकशी चालू आहे. पंचनाम्यावरची तिसरी सही तुमची आहे. आपण त्या दिवशी रंकाळ्यावर नव्हतोच, असे तुम्ही म्हणाल.

बाकीचे चौघेही नव्हते.